पाटी नसलेली कुंडी

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही सांगलीला आलात, तेव्हा धाकटीने तोंडातलं च्युइंगम माझ्या गच्चीतल्या एका कुंडीत टाकलं आणि मी तिच्यावर ओरडले. तुमच्या आईला माझं ओरडणं चमत्कारिक वाटलं, कारण कुंडीत काहीच नव्हतं. नुसती कोरडी माती. थोरल्याने तर शोधच लावला. तो म्हणाला, "आजी, तुझ्या घरात मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' अशी चिठ्ठी आहे. बाकी सगळ्या कुंड्यांवर झाडाचं नाव, लावल्याची तारीख, खत घातल्याची तारीख लिहिलेली आहे. या एकाच कुंडीवर काही नाही. म्हणजे ती रिकामी आहे."

तर्क बरोबर होता, निष्कर्ष चुकला. कुंडी रिकामी नव्हती. तिच्यावर पाटी का नाही हे तेव्हा सांगायचं राहून गेलं, कारण तुमची गाडी दारात येऊन उभी होती. आता निवांत लिहिते आहे. क्रमाने लिहिते, म्हणजे तुमच्या आईला वाचून दाखवताना मधलं गाळता येणार नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते आणि त्यांची बदली सांगलीहून साताऱ्याला झाली होती. साताऱ्यात अधिकाऱ्यांच्या बायकांचं एक मंडळ होतं. मंडळाचं काम नेमकं काय, हे तीन वर्षं चिटणीस राहूनही मला सांगता येणार नाही, पण ते अतिशय नीट चाले. अध्यक्षा निवडावी लागत नसे. ज्या बाईच्या नवऱ्याची खुर्ची सगळ्यांत मोठी, ती अध्यक्षा. खुर्चीची बदली झाली की अध्यक्षाही बदले. चिटणीस मात्र पारखून घेत, कारण चिटणिसाला लिहावं लागे. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, माझं अक्षर चांगलं, आणि सभेला वेळेवर येणारी मी एकटीच. त्यामुळे माझी निवड बिनविरोध झाली. सभेचा वृत्तान्त मी इंग्रजीत लिहीत असे. मराठीत लिहिला असता तर सगळ्यांनी वाचला असता, आणि मग दुरुस्त करावा लागला असता.

दर पावसाळ्यात मंडळ फुलांचं प्रदर्शन भरवी. पहिलं बक्षीस अध्यक्षांच्या डेलियाला मिळे. डेलिया वाढवायला सरकारी बंगल्यावर माळी होता. बक्षीस अध्यक्षा घेत आणि मागे उभा राहून माळी टाळ्या वाजवी. दुसरं बक्षीस कुणाला द्यायचं यावर मात्र खरी चुरस असे. त्या वर्षी एक टेबल रिकामं राहत होतं. माझ्या स्वभावाला रिकामं टेबल बघवेना. मी सुचवलं की त्यावर आपल्या डोंगरातली रानफुलं ठेवू. या एका सूचनेतून पुढचं सगळं झालं, म्हणून दोष द्यायचा तर तो माझ्यापासून द्यायला सुरुवात करा.

त्याच आठवड्यात तुमचे आजोबा एका तळ्याची जागा बघायला जीपने डोंगरावर निघाले होते. मीही गेले. साताऱ्याच्या पश्चिमेला असे पुष्कळ डोंगर आहेत. त्यांतला कोणता, ते मी लिहिणार नाही. वर गेलं की जांभ्या दगडाचं सपाट पठार लागतं, दगडावर चार बोटं माती, आणि पावसाळ्यात त्या मातीवर नजर जाईल तिथवर गुलाबी तेरडा.

तेरडा म्हणजे काय ते इथेच सांगून ठेवते, पुढे लागेल. आपल्याकडे गणपतीत गौरी येतात ना, त्या पुष्कळ घरांत तेरड्याच्याच असतात. मुळांसकट रोपं उपटून आणायची, त्यांची जुडी बांधायची, हळदकुंकू वाहायचं आणि "गौरी आली, सोन्याच्या पावलांनी आली" असं म्हणत घरभर फिरवायची. साताऱ्या-सांगलीकडच्या बाईला डोळे बांधून हातात तेरडा दिला तरी ती ओळखेल. एवढं लक्षात ठेवा.

मी पठारावर वाकून वाकून फिरत होते. घोंगडीची खोळ घेतलेली एक म्हातारी तिथे तीन म्हशी चारत होती. थोडा वेळ तिने माझी गंमत पाहिली आणि मग म्हणाली, "आवं बाई, काय पडलं तुमचं? बुगडी का काय?"

"नाही मावशी, फूल शोधतेय."

"आगं आई! समद्या पठाराव फुलं, आन् ही बाई फूल हुडीकतीया!"

"तेरडा नको हो. वेगळं काहीतरी, कुठे न दिसणारं."

"मग दिसल कसं?" ती म्हणाली, आणि हसली. मग काठीने मला बोलावलं. "या हिकडं. पाय बगून टाका."

तिने काठीचं टोक टेकवलं तिथे वीतभर उंचीची एक काडी होती. गवताचीच म्हणावी अशी. काडीला एकच फूल. खाली फुगीर नळी, वर पाच पाकळ्या, आणि पाचही पाकळ्या टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या. लहानसा कंदील टांगावा तसं दिसत होतं. रंग हिरवट पांढरा, तोंडाशी जांभळा. मी गुडघे टेकून पाहिलं तेव्हा त्या कंदिलात एक चिलट शिरलेलं दिसलं. नंतर पुस्तकात वाचलं की नळीच्या आत केस असतात, खाली वळलेले, त्यामुळे चिलटाला आत जाता येतं पण बाहेर येता येत नाही. एक दिवस ते आत अडकून राहतं. दुसऱ्या दिवशी केस सुकतात, आणि मग ते पराग घेऊन सुटतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मंडळाच्या समित्या आठवल्या. त्यांतही शिरणं सोपं होतं. एवढाच फरक, की आमच्याकडे बाहेर पडताना कुणाजवळ काही नसे.

"खरपुडी म्हनत्यात ह्येला," म्हातारी म्हणाली. तिने कमरेची खुरपी काढली, दुसऱ्या एका रोपाखालची माती उकरली आणि लिंबाएवढा चपटा कंद वर काढला. त्याला चिकटून सुपारीएवढं एक पिल्लू होतं. मोठा कंद तिने पदराला पुसून माझ्या हातात दिला. पिल्लू पुन्हा खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, टाचेने दाबली आणि म्हणाली, "बस गं बाये, फुडल्या साली ये."

"हे कशाला?"

"कशाला म्हंजे? त्यो दुस्काळ पडला तवा ह्येच खाऊन काढला की आमी. समदं खाल्लं असतं, तर आता तुमाला काय दावलं असतं? म्हसराचं हाडूक?"

कंद तिने मला तिथेच खायला लावला. चव कच्च्या बटाट्याची आणि थोडी काकडीची. पठारावर ती रोपं फार नव्हती. म्हशी गवत खात त्यांच्यामधून फिरत होत्या. मी एक फूल खुडून जॅमच्या बाटलीत पाणी घालून ठेवलं, बाटलीवर चिठ्ठी लावली, चिठ्ठीवर पठाराचं नाव लिहिलं. ही माझी दुसरी चूक.

प्रदर्शनाला एका कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक परीक्षक होते. डेलियाला पहिलं बक्षीस देऊन ते चहाकडे निघाले होते. जाता जाता त्यांना बाटली दिसली आणि चहा राहिला. त्यांनी भिंग काढलं, एक मोठं लॅटिन नाव उच्चारलं, आणि सांगितलं की हे फूल जगात फक्त आपल्या सह्याद्रीत होतं, तेही मोजक्या पठारांवर. "अत्यंत दुर्मीळ!" ते तीनदा म्हणाले.

अध्यक्षाबाईंनी डेलियाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर समिती दिसू लागली.

पंधरा दिवसांत समिती झाली. संरक्षणाचा ठराव मी लिहिला. चार कलमं होती. पहिल्यात फुलाचं महत्त्व, दुसऱ्यात जागेला तारेचं कुंपण, तिसऱ्यात देखरेख, चौथ्यात सर्वांचे आभार. इंग्रजी निर्दोष होतं. मी घरी येऊन तुमच्या आजोबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि विचारलं, "अगं, यात म्हशी कुठे आहेत?"

"म्हशींचा इथे काय संबंध?"

"काही नाही. सध्या तिथे त्या आहेत, म्हणून विचारलं."

मी म्हटलं, "अहो, ठराव फुलाबद्दल आहे." ते "बरं" म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. आजोबांचं "बरं" कसं असायचं ते तुमच्या आईला विचारा.

कुंपणाची तार मंडळाने मिळवली. कशी मिळवली ते ठरावात नाही. पठाराचा जवळजवळ निम्मा भाग त्यात गेला, कारण अर्धवट काम अध्यक्षाबाईंना आवडत नसे. पठाराखालच्या वाडीत फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते, त्यांच्याकडे देखरेख दिली. माणूस अत्यंत सचोटीचा. सांगितलेलं काम सांगितल्याहून जास्त करण्याची त्यांना सवय होती. आत खरपुडीची बारा रोपं होती. महिनाभराने मी पाहायला गेले तर बारा रोपांभोवती दगडांची बारा रिंगणं, आणि प्रत्येक दगडाला आलटून पालटून चुना आणि गेरू. रिंगणांपर्यंत जाणारी पायवाट, तिच्या दोन्ही कडांनाही चुन्याचे दगड. मध्ये पत्र्याची पाटी: 'दुर्मीळ पुष्प. हात लावू नये.'

"सुभेदार, एवढा चुना कशाला?"

"बाईसाहेब, फौजेत ज्या दगडाला चुना न्हाई त्यो दगड बेवारशी," ते म्हणाले. "आता कुनी बी आलं तरी वळखंल, हितं कायतरी हाय."

तेवढ्यात तारेपलीकडून म्हातारीचा आवाज आला. ती सुभेदारांची चुलती लागत होती, हे मला तेव्हा कळलं. "आरं ये शिपुरड्या! लढाईत बी म्हसरंच आडवीत हुतास काय रं?"

सुभेदारांनी मान वळवली नाही. "काकू, आर्डर हाय. तारेला हात लावू नगा."

"तार तुज्या डोंबलावर घाल! पानी पलीकडं हाय की!"

पठारावर पाण्याचा एकच झरा होता आणि तो कुंपणात गेला होता. म्हशींना आता अर्धा डोंगर उतरून पाण्याला न्यावं लागत होतं. हे मी वहीत टिपून घेतलं. टिपून घेतलं की काम झालं, असं मला त्या वयात वाटे.

चार दिवसांनी म्हातारी डोंगर उतरून साताऱ्यात आमच्या क्वार्टरवर आली. व्हरांड्यात बसली. चहा दिला तो घेतला नाही.

"बाई, त्ये फूल तुमाला कुनी दावलं?"

"तुम्हीच दाखवलंत, मावशी."

"मग म्हसरं कुनाची आडवली?"

मी तिला दुसरं कलम मराठीत समजावून सांगितलं. फूल जगात कुठेच नाही, आपल्या मुलाबाळांसाठी ते राखलं पाहिजे, वगैरे. ती शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "पावसाळ्यात म्हसरांस्नी त्येच एक रान हाय. खाली समद्यांची पिकं. निम्मं घेतलंसा. ऱ्हायल्यालं निम्मं बी घेशीला, तर म्हसरं इकावी लागत्याल मला. तीन म्हसरं हायती म्हनून सुना इचारत्यात. मग कोन इचारल?" आणि उठून गेली. ती बाई ओरडली असती तर मला उत्तर सुचलं असतं.

वर्ष गेलं. पुढच्या पावसाळ्यात अध्यक्षाबाईंनी सभेत जाहीर केलं की मुंबईहून फार मोठे साहेब येत आहेत, ते स्वतः पठारावर जाऊन फूल पाहणार आहेत. आणि फूल वाढलेलं दिसलं, तर साहेब सगळं पठार बंद करून देणार आहेत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण हात वाजवताना म्हातारी आठवली आणि टाळ्या जरा लवकर थांबल्या.

साहेब यायच्या आदल्या दिवशी रोपं मोजायला मला पाठवलं. मी वहीत दोन रकाने आखून नेले होते: 'कुंपणाच्या आत' आणि 'कुंपणाच्या बाहेर'.

आत गवत कमरेइतकं वाढलं होतं. वर्षभर एकाही जनावराने तोंड लावलं नव्हतं, मग वाढणारच. रिंगणांमधलं गवत सुभेदारांनी आदल्याच दिवशी कापून घेतलं होतं. दगडांना नवा चुना होता. जुना चुना पावसाने विरघळून रिंगणात उतरला होता आणि मातीवर पांढरी साय धरली होती. मी बाराही रिंगणं पाहिली. अकरा रिकामी. बाराव्यात एक रोप होतं, चांगलं हातभर वाढलेलं, टवटवीत, फुलांनी भरलेलं. तेरड्याचं.

सुभेदार सावधान उभे होते. "एक बी जनावर आत सोडलं न्हाई बाईसाहेब. वरीसभर."

 पहिल्या रकान्यात मी शून्य लिहिलं आणि तारेबाहेर आले. म्हातारी तिथेच होती. म्हशी तिथेच होत्या. गवत त्यांनी गालिच्यासारखं बारीक ठेवलं होतं, आणि त्या बारीक गवतात कंदील लागले होते. मी मोजले. सवयीने दोनदा मोजले. तेवीस.

"असं कसं, मावशी? इथे म्हशी आहेत आणि इथेच फूल आहे?"

"म्हसरांनी गवात मारलं, तर ह्येला ऊन दिसनार. आत समदं गवात मातलंय. त्यात बारकं काय जगतंय?" मग माझ्या पेन्सिलीकडे पाहून म्हणाली, "म्हसरं च्यार फुलं खात्यात, इस ऱ्हात्यात. तुमी न खाताच समदी घालवली."

मी पेन्सिल घेऊन उभी होते. दुसऱ्या रकान्यात तेवीस लिहिलं, तर उद्या साहेब तारेबाहेर येतील, कंदील पाहतील, अध्यक्षाबाईंचं नाव होईल, त्यांच्या मागोमाग थोडं माझंही. आणि परवा तार सरकून इथे येईल. मग पुढच्या वर्षी इथेही कमरेइतकं गवत. फूल जाईल, आणि म्हशी विकल्या गेल्या असतील. हे सगळं माझ्या अक्षरातल्या एका आकड्यावर होतं. तुम्हाला ठाऊक आहे, मी आयुष्यात कधी हिशेबाची ओळ कोरी सोडलेली नाही. मंडळाच्या वहीत तर खोट्या स्तुतीच्या ओळीसुद्धा मी खऱ्या तारखेनिशी लिहिल्या होत्या.

म्हातारीने गयावया केली नाही. म्हणाली, "लिवा की. तुमचं काम लिवायचं हाय." आणि पाठ फिरवून म्हशीला हाक मारली.

मी वही मिटली.

संध्याकाळी अध्यक्षाबाईंनी वही उघडली. "आत शून्य? शून्य कसं असेल? पत्रिका छापून झाल्यात!"

त्यांनी बोट शेजारच्या रकान्यावर नेलं.

"आणि बाहेरचा रकाना कोरा का?"

"बाहेर तेरडा आहे," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. बाहेर तेरडा होताच.

"मग उद्या उगवेल," त्या म्हणाल्या. त्यांच्या आयुष्यात आदल्या दिवशी नसलेल्या गोष्टी दुसऱ्या दिवशी नेहमी उगवत आल्या होत्या. रस्ते, कमानी, पाण्याचे नळ. फुलाने तेवढं करायला काय हरकत होती?

दुसऱ्या दिवशी सहा जीपगाड्या पठारावर चढल्या. धुकं होतं. साहेबांच्या चष्म्यावर पाणी होतं आणि चष्मा पुसायला कुणी सुचवत नव्हतं. पुढे साहेब, मागे अध्यक्षाबाई, त्यांच्या मागे प्राध्यापक, मग मंडळाच्या पंधरा-सोळा बायका, साड्या वर धरून. चुन्याच्या दगडांमधून सगळी रांग सरळ चालली. सुभेदारांनी सॅल्यूट ठोकला. साहेब पाटीपाशी थांबले, पाटी वाचली, समोरच्या रिंगणात पाहिलं. ते बारावं रिंगण होतं.

"वा!" साहेब म्हणाले. "हेच का ते?"

आता बघा. चौफेर, सगळ्या डोंगरावर, गाड्यांच्या चाकांखाली, साहेबांच्या बुटांना चिकटलेला, तेरडाच तेरडा होता. त्या पंधरा-सोळा बायकांनी दर भाद्रपदात हेच रोप डोक्यावरून घरी आणलेलं होतं, त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, त्याच्यापुढे घावन-घाटलं ठेवलेलं होतं. काहींच्या घरी दहा दिवसांनी पुन्हा आणायचं होतं. एकीनेही तोंड उघडलं नाही. साहेबांनी विचारलं होतं, 'हेच का ते?' त्याला 'नाही' कुणी म्हणायचं, हे कोणत्याच ठरावात ठरलेलं नव्हतं.

अध्यक्षाबाई म्हणाल्या, "होय सर." मग बायकांमधून 'हो हो', 'हेच', 'काय नाजूक आहे नाही!' असं पसरत गेलं.

साहेब प्राध्यापकांकडे वळले. प्राध्यापकांच्या कॉलेजला नवी प्रयोगशाळा हवी होती. ते खाकरले. "व्यापक अर्थाने... सपुष्प वनस्पतीच आहे," ते म्हणाले. यातही खोटं काही नव्हतं.

"सुभेदार, नीट सांभाळा हं."

"व्हय साहेब!"

माझं काय, विचाराल. मी चिटणीस होते, वही माझ्या काखेत होती आणि मीही मान डोलावली. इतरांनी भीतीने डोलावली असेल. मी तर मुद्दाम डोलावली, म्हणजे माझा अपराध त्यांच्याहून मोठा. तारेपलीकडे म्हातारी घोंगडी तोंडावर ओढून उभी होती. तिचे खांदे हलत होते. साहेबांनी सहानुभूतीने विचारलं, "त्या आजी का रडताहेत?" अध्यक्षाबाई म्हणाल्या, "आनंदाने, सर."

साहेब खूश झाले. फूल एकच उरलेलं दिसतंय, तेव्हा सगळं पठार बंद करायची एवढ्यात गरज नाही, आहे तेवढं कुंपण पुरे, असं म्हणून उतरले. गाड्या निघताना सुभेदार माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाईसाहेब, त्यो तेरडा व्हता न्हवं?"

"होय, सुभेदार."

"मला वाटलंच. पन साहेब म्हनले, मग मी बी म्हनलो." मग म्हणाले, "खरी रोपं चुन्यानं मेली काय वो?"

मी म्हटलं, गवतानेही मेली असतील. ते रिंगणांकडे बघत राहिले. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच्या हाताने सगळे दगड उचलून दरीत टाकले, असं मला नंतर कळलं. वर्षभर राखलेलं आपल्याच हातून गेलं, हे त्या सगळ्या रांगेत फक्त त्यांना लागलं.

साताऱ्याच्या एका साप्ताहिकात तेरड्याचा फोटो आला, 'दुर्मीळ पुष्पाचे दर्शन' अशा मथळ्याखाली. तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणतात. समितीचा त्याहून थोडा जास्त टिकला. दिवाळीनंतर अध्यक्षाबाईंच्या नवऱ्याची बदली झाली. नव्या अध्यक्षांना विणकामाची आवड होती, त्यामुळे मंडळ स्वेटर विणू लागलं. कुंपणाच्या तारेवर वाडीतल्या बायका गोधड्या वाळत घालू लागल्या. मग गोधड्या राहिल्या आणि तार गेली. खांब गोठ्यांना लागले. म्हशी पुन्हा झऱ्यावर येऊ लागल्या.

आमची सांगलीला परत बदली झाली, तेव्हा मी म्हातारीचा निरोप घ्यायला गेले. तिच्या खोपटापाशी कोंबड्यांचं खुराडं होतं आणि त्याच्या तोंडाला पत्र्याची पाटी झाकण म्हणून लावलेली होती. 'हात लावू नये.' मी ती वाचून हसले, तेव्हा तिने विचारलं काय लिहिलंय. मी सांगितलं. "मग बराबर हाय," ती म्हणाली. "मुंगसाला वाचाय येत न्हाई, त्ये सोडा."

निघताना तिने खरपुडीचं एक पिल्लू पानात गुंडाळून दिलं. "कुंडीत लावा. पावसाळ्यात पानी, उनाळ्यात काय बी नगं, झोपतंय ते. आन् बाई, त्येच्यावर तुमची ती चिठ्ठी लावू नगा. चिठ्ठी लावली की मानसं येत्यात."

गच्चीतल्या त्या कुंडीत ते तसंच, चिठ्ठीशिवाय लावलेलं आहे. तेव्हापासून तीन वेळा कुंडी बदलली, पिल्लाची पिल्लं झाली. पावसाळ्यात त्याला दोन-तीन कंदील लागतात. तुम्ही नेहमी उन्हाळ्यात येता, त्यामुळे तुम्हाला नुसती माती दिसते. मंडळाची ती वही मात्र मी परत केली नाही. तो रकाना अजून कोराच आहे, आणि कधी कपाट आवरताना हात वहीकडे जातो, पेन्सिलही जवळच असते. मी वही पुन्हा जागेवर ठेवते.

थोरल्याने शाळेसाठी आपल्या डोंगरातल्या दुर्मीळ फुलाचं चित्र मागितलं आहे. सोबत पाठवलं आहे. गुलाबी रंग जरा गडद झालाय, पण तेरडा ओळखू येतो. थोरल्या, तुझ्या बाईंनी विचारलंच, की हे खरोखर दुर्मीळ आहे का, तर सांग, फार मोठे साहेब मुंबईहून येऊन खात्री करून गेलेत. पठाराचं नाव विचारलं, तर सांग, आजीने लिहिलं नाही.

धाकटीला सांगा, च्युइंगम मी भुवया काढायच्या चिमट्याने काढलं. कंदाला काही झालेलं नाही.